पटकथेचं वर्ष कोणाच्या खर्चानं?

महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटाला अनुदान देतं. त्यासाठी चित्रपट पूर्ण झालेला असावा लागतो, सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. मग परीक्षण समिती तो पाहते, गुण देते आणि गुणांवरून दर्जा ठरतो. गेल्या दहा-बारा वर्षांत या योजनेत ‘अ’ दर्जाला 40 लाख आणि ‘ब’ दर्जाला 30 लाख रुपये असा हिशेब राहिला. मराठी निर्माता या रकमेकडे डोळे लावून बसलेला असतो. पुष्कळदा ती गृहीत धरूनच अंदाजपत्रक मांडलं जातं. या योजनेनं मराठी चित्रपट पडत्या काळात तगवला, हे मान्य करूनच पुढचं म्हणायचं आहे. जो चित्रपट अजून कागदावरही उतरलेला नाही, ज्याचा शेवट लेखकाला सापडलेला नाही, ज्याच्यासाठी कोणीतरी सहा महिने एखाद्या गावात, कोर्टात किंवा वसतिगृहात जाऊन बसायला हवं, त्याच्या वाट्याला या अनुदानातला एक रुपयाही येत नाही. खासगी निर्माताही त्यासाठी क्वचितच हात सैल सोडतो. चित्रपटाचा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात निर्णायक टप्पा आपण लेखकाच्या खिशावर टाकून मोकळे झालो आहोत. दर शुक्रवारी नवे मराठी चित्रपट लागतात आणि त्यातले बहुतेक दुसऱ्या आठवड्यात उतरतात. त्याचं एक मोठं कारण मला इथे दिसतं.

आज पुण्यातल्या एखाद्या तरुणाला चित्रपट सुचला तर काय होतं? आधी तो ‘वन-लाइन’ लिहितो, म्हणजे दोन-चार वाक्यांत गोष्ट. कोणाच्या तरी ओळखीनं निर्मात्याची वेळ मिळते. तिथे ‘नॅरेशन’ द्यायचं. दीड-दोन तास गोष्ट सांगायची, संवादांसकट, पात्रांच्या आवाजांसकट. समोरचा माणूस बहुधा चित्रपटसृष्टीबाहेरचा असतो. बांधकामात, शिक्षणसंस्थेत, आणखी कुठल्या धंद्यात त्यानं पैसा मिळवलेला असतो आणि आता त्याला सिनेमा करायचा असतो. यात गैर काही नाही. पण गोष्ट आवडली की त्याचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: हिरो कोण, आणि किती दिवसांत संपवणार? होकार आला तर ‘टोकन’ म्हणून छोटी रक्कम हातात पडते. उरलेलं मानधन शूटिंगच्या आधी, डबिंगच्या वेळी, प्रदर्शनाच्या वेळी अशा हप्त्यांनी ठरतं. म्हणजे पटकथा लिहून झाली तरी लेखकाचे पैसे मोकळे होत नाहीत. ते चित्रपट उभा राहण्यावर अडकलेले असतात. मध्येच नटाच्या तारखा गेल्या, वाहिनीनं हक्क घ्यायला नकार दिला किंवा निर्मात्याचे पैसे दुसरीकडे गुंतले, की लेखकाचं वर्ष बुडालं.

ही व्यवस्था लेखकाला एकच गोष्ट शिकवते: लवकर उरका. भाडं द्यायचं असतं, म्हणून तो मालिकेचे एपिसोड लिहितो आणि रात्री उरलेल्या वेळात चित्रपट. दुसरा खर्डा करायला सवड नसते, तिसऱ्याचा तर प्रश्नच येत नाही. मग पहिला खर्डाच थोडी मलमपट्टी करून शूटिंगला जातो. मध्यंतरापर्यंत रंगलेला मराठी चित्रपट उत्तरार्धात ढेपाळतो, हा प्रेक्षकाचा नेहमीचा अनुभव आहे. समीक्षक त्याचं खापर दिग्दर्शकावर फोडतात. माझ्या मते दोष त्याच्या बराच आधीचा असतो. त्या उत्तरार्धावर बसून विचार करायला लागणाऱ्या तीन महिन्यांचे पैसे कोणीच दिलेले नसतात.

याउलट काय घडू शकतं, याचं आपल्या डोळ्यांदेखतचं उदाहरण म्हणजे ‘कोर्ट’. त्याचा दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे तेव्हा विशीत होता. त्याच्या नाटकात काम केलेल्या विवेक गोम्बर या नटानं त्याला वर्षभर दरमहा 15 हजार रुपये दिले. अट एकच, इतर कामं सोडून पटकथा लिहायची. ताम्हाणे कनिष्ठ न्यायालयांत जाऊन बसला. हिंदी सिनेमानं दाखवलेलं, टाळ्या घेणारं न्यायालय तिथे नव्हतंच. होत्या त्या पुढच्या तारखा, कंटाळलेली माणसं आणि एका सुरात वाचली जाणारी कलमं. चित्रपटाचा सगळा जीव या निरीक्षणात आहे. पुढे रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीनं त्या पटकथेला मदत केली. 2014 साली व्हेनिसमध्ये ‘कोर्ट’ला ओरिझोन्ती विभागाचा सर्वोत्तम चित्रपटाचा मान आणि पदार्पणाचा पुरस्कार असे दोन्ही मिळाले. पाठोपाठ राष्ट्रीय पुरस्कारांत तो देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. गोम्बरनं त्या वर्षासाठी दिलेले पैसे होतात 1 लाख 80 हजार. ‘अ’ दर्जाच्या एका अनुदानात अशी बावीस वर्षं बसतात. महागाई धरून रक्कम तिप्पट केली तरी सात बसतात. गोम्बर हा काही मोठा धनिक नव्हता. चित्रपट कुठे तयार होतो ते त्याला ठाऊक होतं, एवढंच.

हे ज्ञान नवं नाही. दादासाहेब फाळक्यांना ते 1912 सालीच होतं. विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला जाऊन आले, कॅमेरा आणला, पण ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल द्यायला कोणी पुढे येईना. पडद्यावर चित्र हलतं म्हणजे काय, हेच ज्यानं नीट पाहिलं नाही त्याला पौराणिक कथेचं वर्णन ऐकवून काय समजणार? मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. मिनिटभराच्या त्या पट्टीत बी रुजतं, कोंब फुटतो, वेल चढते. ‘अंकुराची वाढ’ निवडक मंडळींना दाखवल्यावर यशवंतराव नाडकर्णींसारखे लोक कर्ज द्यायला तयार झाले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगात गेले. आज चित्रपटबाजारात निर्मात्यांपुढे नमुन्याची चित्रफीत ठेवण्याची पद्धत आहे. तिचा मराठी आद्यपुरुष तो वाटाणा आहे. त्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. फाळक्यांनी ‘हरिश्चंद्रा’तला एखादा प्रसंग घाईनं चित्रित करून दाखवला नाही. ज्या गोष्टीबद्दल भांडवलदाराला शंका होती, नेमकी तीच त्यांनी सिद्ध केली. पण तो महिना मात्र घरच्या पैशावर निघाला. महाराष्ट्रात तीच प्रथा आजही चालू आहे.

काहींना मात्र बाहेरून आधार मिळाला. कोल्हापुरात चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या मागे तानीबाई कागलकर पैसे घेऊन उभ्या राहिल्या. पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी 1929 साली सराफ सीताराम कुलकर्णींच्या भांडवलावर प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. 1933 साली प्रभात पुण्याला आली आणि पुण्याच्या चित्रपटविचाराचा खरा काळ सुरू झाला. प्रभातबद्दल लिहिताना सगळे स्टुडिओची भव्यता, शांतारामबापूंची दृष्टी आणि तुतारीचं बोधचिन्ह यांत रमतात. मला तिची वेतनव्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. नट, तंत्रज्ञ, कारागीर पगारावर होते, त्यामुळे एक चित्रपट संपून दुसरा सुरू होईपर्यंतचा काळ कोणाच्या पोटावर येत नव्हता. त्या मधल्या काळात गोष्टी चर्चेला येत आणि कादंबऱ्या वाचल्या जात. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून ‘कुंकू’ झाला आणि त्यांच्याच ‘भाग्यश्री’वरून ‘अमृतमंथन’. ‘संत तुकाराम’ शिवराम वाशीकरांनी लिहिला, ‘माणूस’साठी अनंत काणेकर आले, ‘शेजारी’ विश्राम बेडेकरांनी लिहिला. साहित्यातली चांगली माणसं चित्रपटाच्या टेबलापाशी आणून बसवायची आणि त्यांना वेळ द्यायचा, ही प्रभातची रीत होती. ‘संत तुकाराम’ मुंबईत सलग वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसमध्ये नावाजला गेला. भक्तिपटाची लाट होती म्हणून तो चालला, असं म्हणणाऱ्यांनी त्याच लाटेतले विस्मरणात गेलेले इतर संतपट आठवून पाहावेत.

प्रभात मोडली आणि स्टुडिओची ही पद्धत सगळ्या देशात मोडली. पगारी लेखक गेला, त्याच्या जागी फायनान्सर आला. फायनान्सर व्याजानं पैसे देतो, आणि व्याज लागू झालं की विचार करायला थांबणं म्हणजे नुकसान. या दुखण्याचं निदान सरकारनेमल्या समितीनं फार लवकर केलं होतं. तिचे अध्यक्ष होते स. का. पाटील, मुंबईचे पुढारी. त्यांच्या चित्रपट चौकशी समितीनं 1951 च्या अहवालात चित्रपटांसाठी सरकारी वित्तसंस्थेची शिफारस केली. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन उभं राहायला 1960 उजाडलं. साठच्या दशकाच्या अखेरीस त्या महामंडळानं नव्या माणसांना नटांची नावं न विचारता पटकथेच्या बळावर कर्ज द्यायला सुरुवात केली. मृणाल सेनांचा ‘भुवन शोम’ आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून निघालेल्या मणी कौलचा ‘उसकी रोटी’ त्यातूनच आले. फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली तीही प्रभातच्याच आवारात. जागा तीच राहिली, लेखकाला पोसण्याची पद्धत मात्र गेली. 1998 साली चित्रपटाला उद्योगाचा दर्जा मिळाला आणि बँकांचे दरवाजे किलकिले झाले. पण बँक येते ती पूर्ण पटकथा, करारपत्रं आणि तारण टेबलावर आल्यानंतर. पटकथा पूर्ण कशी व्हायची, याचं उत्तर तिच्याकडे नसतं, आणि तिच्याकडून त्याची अपेक्षाही ठेवता येत नाही.

पुण्यात मात्र एका बाईंनी या प्रश्नाचं स्वतःचं उत्तर काढलं. सुमित्रा भावे चित्रपटाच्या वाटेनं आल्याच नव्हत्या. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक, कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत. ‘स्त्रीवाणी’ या संशोधनप्रकल्पात वस्त्यांमधल्या बायकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण लिहीत असलेले अहवाल ज्यांच्याबद्दल आहेत त्या बायका ते कधीच वाचणार नाहीत. म्हणून 1985 साली ‘बाई’ हा लघुपट आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकरांबरोबर ‘दोघी’, ‘दहावी फ’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘नितळ’, ‘अस्तु’, ‘कासव’. या चित्रपटांच्या पैशाचा माग काढला तर एक वेगळाच नकाशा दिसतो. ‘दोघी’ला राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन. कोडावरच्या ‘नितळ’मागे त्या प्रश्नावर काम करणारी पुण्यातली श्वेता असोसिएशन. स्मृतिभ्रंशावरच्या ‘अस्तु’साठी आणि नैराश्यावरच्या ‘कासव’साठी डॉ. मोहन आगाशे, म्हणजे नट आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच माणसात. ‘कासव’ला 2017 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं.

या नकाशातून मला जे दिसतं ते असं. सुमित्राताईंच्या चित्रपटाला प्रश्न आधी मिळायचा, त्या प्रश्नाशी झुंजणारी माणसं मिळायची, आणि पुष्कळदा पैसेही त्याच माणसांकडून किंवा त्यांच्या आसपासच्या वर्तुळातून यायचे. त्यामुळे पैसे देणारा ‘हिरो कोण’ असं विचारत नव्हता. ‘आमच्या आजाराबद्दल खोटं दाखवणार नाही ना’, ही त्याची चिंता असायची. ही चिंता पटकथेला धारदार करते. अभ्यासाचा काळ हा त्यांच्याकडे निर्मितीचाच पहिला भाग होता. गुजरातेत 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये देऊन श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ उभा केला, त्याचीच ही शहरी, पुणेरी भावंडं. पण ही वाट प्रत्येकाला जमणार नाही, हेही मान्य करायला हवं. प्रेमकथेमागे कुठली संस्था उभी राहणार? भयकथेमागे, विनोदी चित्रपटामागे? सुमित्राताईंनी तीन दशकं स्वतःला झिजवून ही पद्धत चालवली. एका माणसाच्या चिकाटीवर राज्याचं धोरण उभं राहत नाही.

इथे हमखास एक आक्षेप येतो: ज्याच्यात धग आहे तो वाट काढतोच. रामदास फुटाण्यांचं नाव घेतलं जातं. चित्रकला शिक्षक असलेल्या माणसानं विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन एकत्र आणून 1975 साली ‘सामना’ केला आणि तो बर्लिनपर्यंत नेला. राही अनिल बर्वेंचं उदाहरण देतात. ‘तुंबाड’ची कल्पना 1997 ची, त्यानं सातशे पानांचा चित्रफलक (स्टोरीबोर्ड) काढून ठेवला, निर्माते आले आणि गेले, चित्रपट पडद्यावर आला 2018 साली. या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. पण ‘तुंबाड’च्या त्या एकवीस वर्षांतून आपण कौतुकाशिवाय काही शिकणार आहोत की नाही? त्याच काळात किती जणांनी आपली वही बंद करून नोकरी धरली, त्यांची मोजदाद कोणाकडे आहे? जो टिकला त्याच्यामागे बहुधा कोणाचं तरी घर असतं: बायकोची नोकरी, वडिलांचं पेन्शन, पुण्यातला स्वतःचा फ्लॅट. घर नसलेल्याची गोष्ट त्याच्याबरोबरच परत गावी जाते. ‘धग’ हा शब्द आपण अनेकदा घरच्या आधाराला लावतो, असं मला वाटतं. करमाळ्याजवळच्या जेऊरचा नागराज मंजुळे ‘पिस्तुल्या’ करू शकला तो अहमदनगरच्या महाविद्यालयातल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ‘फँड्री’ची वाट मोकळी झाली. एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पानं केवढं दार उघडलं! तो अभ्यासक्रम नसता तर?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुण्यात गोष्टी घासूनपुसून घेण्याची जागा आहेच, असं म्हणतात: 1963 पासूनची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा, फिरोदिया करंडक, तालमीच्या खोल्या, भरत नाट्य मंदिर. पावसाळ्यात महाविद्यालयांतली पोरं रात्र रात्र एकांकिकेशी भांडतात, आणि त्या भांडणातूनच मराठीचे कितीतरी लेखक-दिग्दर्शक घडले. हे अगदी खरं आहे, आणि पुण्याचं हे बळ इतर शहरांना हेवा वाटावा असं आहे. पण एकांकिकेची तालीम विद्यार्थ्याला परवडते, कारण त्याचं जेवण मेसमध्ये असतं आणि फी घरून येते. बाविसाव्या वर्षी करंडक उचललेला मुलगा पंचविसाव्या वर्षी कुठे असतो ते पाहा. त्या तीन वर्षांसाठी या शहरात जवळजवळ काहीच नाही. मध्ये आहेत ते लघुपट. उमेश कुलकर्णीनं फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये असताना ‘गिरणी’ केला, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग गिरीश कुलकर्णीबरोबर ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’. तिथेही संस्थेचा कॅमेरा आणि संस्थेची फिल्म होती. जिथे जिथे बारकाईनं पाहावं, तिथे यशस्वी चित्रपटाआधी कोणीतरी दिलेला, कोणताही परतावा न मागणारा वेळ सापडतो.

जगात हे आता धोरण म्हणून केलं जातं. ह्युबर्ट बाल्स निधी पटकथेच्या टप्प्यावरच पैसे देतो. गोव्यात 2007 पासून भरणाऱ्या फिल्म बाजारात पटकथेची कार्यशाळा होते आणि सहनिर्मितीसाठी निर्माते गाठता येतात. रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ अशाच टप्प्यांमधून गेला, व्हेनिसच्या बिएनालेच्या प्रशिक्षणातून आणि गोव्यातून, आणि 2025 साली सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. मराठी गोष्टीवर विचार करायला लागणारा वेळ इटलीनं आणि गोव्यानं द्यावा आणि महाराष्ट्रानं पुरस्कारानंतर सत्कार करावा, हे मला बोचतं. केरळ सरकारनं स्त्री दिग्दर्शकांच्या चित्रपटांसाठी दीड कोटीपर्यंतची योजना काढली तेव्हा निवड पटकथेवरून केली. इतर राज्यांकडून चित्रपटाबद्दल आपण नेहमी तंत्र शिकतो, कधी धोरणही शिकावं.

माझी मागणी साधी आणि मोजता येणारी आहे. पुण्यात पटकथा-निधी सुरू व्हावा. दरवर्षी दहा लेखक, प्रत्येकाला दरमहा 30 हजार, बारा महिने. एकूण 36 लाख रुपये, ‘अ’ दर्जाच्या एका अनुदानापेक्षा चार लाखांनी कमी. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आणि 1964 पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. वाचायला, पाहायला, वाद घालायला याहून चांगली जागा देशात नाही. जानेवारीत पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो. निधीचं वर्ष संपल्यावर तिथे हे दहा जण निर्मात्यांपुढे आपलं काम मांडू शकतील. निवड करणाऱ्यांत निम्मे लोक लेखक असावेत आणि दर दोन वर्षांनी सगळे बदलावेत, म्हणजे निधी कोण्या एका गटाच्या खिशात जाणार नाही. निदान अर्ध्या जागा पुणे-मुंबईबाहेरच्यांना मिळाव्यात. पटकथेवर निधीचा हक्क नसावा. चित्रपट उभा राहिला तर निर्मात्यानं शूटिंगच्या पहिल्या दिवशी रक्कम परत करावी, म्हणजे पुढच्या लेखकाला ती मिळेल.

यातल्या निम्म्याहून अधिक पटकथांचे चित्रपट कधीच होणार नाहीत. होऊ नयेत. वर्षभर झटून ‘ही गोष्ट उभी राहत नाही’ हे कळणं हा या निधीचा अपव्यय मुळीच नाही. आज हेच आपल्याला दीड-दोन कोटी खर्चून, चित्रपटगृहाच्या रिकाम्या खुर्च्यांपुढे कळतं, आणि मग एक निर्माता कायमचा या व्यवसायातून जातो. कागदावर हरलेली गोष्ट कोणाचं घर बुडवत नाही.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागानं, चित्रपट महामंडळानं आणि पुणे महापालिकेनं ही रक्कम आपापसांत वाटून घेतली तरी कोणाच्याही अर्थसंकल्पात ती जाणवणार नाही. पुढच्या अर्थसंकल्पात तेवढी तरतूद करावी आणि पहिले दहा अर्ज मागवावेत.